काय हललं?

घरातलं नेट गेलं की आम्ही आधी घर आवरतो. अर्ध्या तासात नाना येणार, टीव्हीच्या मागे शिरणार, दिवाण ओढणार आणि शोकेसखालच्या फटीत बॅटरी मारणार हे ठरलेलं असतं. मागच्या खेपेला राउटरच्या वायरीचा माग काढताना त्यांना दिवाणामागे माझी एक चप्पल, मुलीची दुसरीतली कंपासपेटी आणि माझ्या आत्याने वास्तुशांतीला दिलेली प्लास्टरची राधाकृष्णाची जोडी सापडली. ही जोडी घर रंगवताना फुटली, असं बायकोने मला चार वर्षांपूर्वी सांगितलं होतं. नानांनी तिन्ही वस्तू ओळीने टीपॉयवर मांडल्या, हात झटकले आणि विचारलं, "आता सांगा, काय हललं?"

"काहीच नाही हललं, नाना," आम्ही दोघं एका सुरात म्हणालो. राधाकृष्ण आमच्याकडे बघत होते.

नानांचं म्हणणं असं की यंत्र आपण होऊन क्वचित बिघडतं. काल रात्री चालणारी वस्तू आज सकाळी चालत नसेल, तर मधल्या वेळात घरात काहीतरी हललेलं असतं. एखादी वायर, एखादं बटण, कपाट, कुंडी, झाडू, नाहीतर पाहुणा. ते काय, एवढंच शोधायचं. आता हे विचारायचं कोणाला, तर घरच्यांना. आणि घरचे सांगतात, काहीच नाही. पस्तीस वर्षं टेलिफोन खात्यात लाइनवर काढल्यामुळे नानांना या उत्तराची इतकी सवय झाली आहे की 'काहीच नाही' ऐकलं की ते समाधानाने चष्मा पुसायला घेतात. जबानी झाली, आता तपास सुरू.

असं एक माणूस प्रत्येक इमारतीत असतं. कुठे तो इंजिनियरिंगच्या तिसऱ्या वर्षाचा मुलगा असतो आणि त्याची परीक्षा जवळ आली की अख्ख्या इमारतीचे प्रिंटर एकदम आजारी पडतात. कुठे बँकेतून निवृत्त झालेले साहेब असतात. बँकेत कॉम्प्युटर आले तेव्हा त्यांनी गेटवर घोषणा दिलेल्या असतात आणि नंतर तोच कॉम्प्युटर साऱ्या शाखेला शिकवलेला असतो. कुठे अमेरिकेतल्या नातवाचं तोंड दिसावं म्हणून साठीनंतर सगळं शिकलेल्या आजी असतात, आणि या आजी बाकीच्यांपेक्षा भरवशाच्या. आमच्या डोंबिवलीतल्या बिनलिफ्टच्या चार मजली इमारतीच्या वाट्याला नाना आले. वय त्र्याहत्तर, शर्टाच्या खिशात पेनाच्या जागी टेस्टर, हातात लिमलेटच्या गोळ्यांचा जुना पत्र्याचा डबा. त्यात पकड, क्रिम्पिंगचं हत्यार, बहिर्गोल भिंग, इन्सुलेशन टेप, रंगाचा अर्धा इंची ब्रश आणि एक खोडरबर. हे खोडरबर कशाला, असं नवा माणूस विचारतोच. जुना कॉम्प्युटर नुसता पों-पों करून थांबला की नाना त्यातली रॅमची पट्टी काढतात, तिच्या सोनेरी कडा या खोडरबराने हलक्या हाताने घासतात आणि परत बसवतात. बऱ्याचदा तो उठून बसतो. दुकानदार याचे पाचशे रुपये घेतो आणि खोडरबर दाखवत नाही.

नानांच्या उमेदीच्या काळात फोन मिळवायला लोक वर्षानुवर्षं नंबर लावून बसत आणि मिळालेला फोन पहिल्याच पावसात मरत असे. मग 198 ला तक्रार. मग वाट. मग आणखी वाट. आणि एके दिवशी सायकलवरून, खांद्यावर वायरीचं भेंडोळं घेऊन नाना. मेलेला फोन जिवंत करणाऱ्या माणसाला दिवाळीत चिवडा-चकलीचं ताट वेगळं निघायचं. टेस्टर हाताशी नसला की नाना खांबावर चढून तारेला ओलं बोट लावत. एक्सचेंजमधून येणारा 48 व्होल्टचा करंट, त्याने नुसत्या मुंग्या येतात. पण नेमका त्याच क्षणी कोणी त्या नंबरला फोन लावला की घंटीचा पाऊणशे व्होल्टचा झटका बसायचा. "टिळकनगरातल्या एका मुलीच्या लग्नाचा होकार माझ्या बोटातून गेलाय," असं ते सांगतात. खरं-खोटं तपासायला साधन नाही. लग्न टिकलं का, हे मात्र त्यांना ठाऊक आहे. टिकलं.

त्या 48 व्होल्टचा नानांना अजून अभिमान आहे. गावाची वीज गेली तरी एक्सचेंजच्या बॅटऱ्यांवर फोन चालायचा, कारण तांब्याच्या तारेतून आवाजाबरोबर करंटही घरात यायचा. फायबर म्हणजे काच. तिच्यातून उजेड येतो, करंट येत नाही. त्यामुळे घरची वीज गेली की घरातली पेटी मरते आणि तिच्याबरोबर सगळं मरतं. "एवढी प्रगती झाली," नाना म्हणतात, "आणि मेणबत्तीच्या उजेडात आता कोणाला फोन लावता येत नाही." मोबाइल आहे की, असं आपण म्हणावं तर ते आपल्याकडे दयेने बघतात.

लाइन शोधायची त्यांची रीत खात्यातलीच आहे. एक्सचेंजपासून पिलर, पिलरपासून डीपीची पेटी, डीपीपासून घर, एवढ्या लांबीत दोष कुठेही असू शकतो. एका टोकापासून बघत गेलं तर दिवस मावळतो. म्हणून मधोमध जायचं. पिलरवर टेस्टफोन लावायचा. तिथे लाइन बोलते म्हणजे मागचं सगळं ठीक, दोष पुढे. उरलेल्याचे परत दोन भाग. घरातल्या नेटलाही नाना हेच करतात. आपण "नेट गेलंय" म्हणतो तेव्हा ते विचारतात, "कुणाचं? मोबाइलचं की सगळ्यांचं?" मग काळ्या खिडकीत 192.168.1.1 ला हाक मारतात, म्हणजे घरातल्या राउटरला. तो ओ देतो. मग 8.8.8.8 ला, म्हणजे गावाबाहेर. तोही ओ देतो. तरी एकही साइट उघडत नाही. इथे तरुण मंडळी हात टेकतात आणि नानांचा चेहरा खुलतो. "लाइन ठणठणीत आहे. तुमचा 197 बंद पडलाय."

ज्यांना 197 आठवत नाही त्यांच्यासाठी: त्या नंबरवर नाव सांगितलं की बाई फोन नंबर सांगत. इंटरनेटवर नावावरून आकडा सांगण्याचं हेच काम डीएनएस करतो. नानांनी राउटरमध्ये दुसऱ्या 197 चा पत्ता घातला आणि पाच मिनिटांत चहा मागितला. डीएनएसची याहून सोपी फोड मी कुठल्याही पुस्तकात वाचलेली नाही.

आता 'काय हललं'कडे येतो, कारण तेच नानांचं खरं शास्त्र आहे.

दुसऱ्या मजल्यावर एक निवृत्त शिक्षिका राहतात, सगळे त्यांना बाई म्हणतात. एके सकाळी त्यांच्या जुन्या कॉम्प्युटरवर एकही साइट उघडेना. बँक असुरक्षित, रेल्वे असुरक्षित, वर्तमानपत्र असुरक्षित. भाच्याने फोनवरून 'व्हायरस' असं निदान केलं. स्टेशनजवळच्या दुकानदाराने 'फॉरमॅट मारावा लागेल' म्हणून सांगितलं. नाना आले, खुर्चीत बसले आणि पडद्याच्या उजव्या कोपऱ्याकडे बघत म्हणाले, "बाई, आज तारीख काय?"

चाळीस वर्षं फळ्यावर रोज तारीख घातलेल्या बाईंना हा अपमान वाटला. त्यांनी तारीख, वार आणि वर तिथी सांगितली. कॉम्प्युटर मात्र 1 जानेवारी 2009 मध्ये होता. हल्ली प्रत्येक साइटकडे एक ओळखपत्र असतं आणि त्यावर 'अमुक तारखेपासून तमुक तारखेपर्यंत' असं लिहिलेलं असतं. 2009 मध्ये बसलेल्या कॉम्प्युटरच्या दृष्टीने ती सगळी ओळखपत्रं अजून निघायचीच होती, म्हणून तो कोणालाच दारात उभं करत नव्हता. आतला रुपयाएवढा सेल मेला होता. नानांनी तो बदलला, पण उठले नाहीत.

"काय हललं?"

"काहीच नाही हो."

"सेल आज मेला नाही बाई. वर्षभर मेलेला आहे. मग तारीख आत्ताच का गेली?"

अर्धा कप चहानंतर उलगडा झाला. मागच्या महिन्यात विजेचं बिल जास्त आलं म्हणून बाई आता रात्री भिंतीवरचं बटणच बंद करत होत्या. ते चालू होतं तोवर कॉम्प्युटरच्या घड्याळाला तिथून थेंबथेंब वीज मिळत होती आणि सेल मेल्याचं कोणाला कळलंच नव्हतं. बटण हललं आणि कॉम्प्युटर 2009 मध्ये गेला.

2020 च्या टाळेबंदीत नानांना मरणाचं काम होतं आणि कोणाच्या घरात शिरायची सोय नव्हती. मग ते पॅसेजमध्ये प्लास्टिकच्या खुर्चीवर बसून, तोंडाला मास्क लावून, सेफ्टी डोअरच्या जाळीतून तपास करत. पहिल्या मजल्यावरच्या गृहस्थांची मीटिंग रोज दुपारी एकच्या सुमाराला तुटायची. कंपनी बदलून झाली, प्लॅन बदलून झाला. नाना तीन दिवस बरोबर पावणेएकला खुर्ची घेऊन बसले. तिसऱ्या दिवशी त्यांनी मास्क किंचित खाली केला, हुंगलं आणि आतल्या वहिनींना विचारलं, "आमटी कशावर गरम करता?"

मायक्रोवेव्हवर. ओव्हन फ्रीजशेजारी, राउटर फ्रीजच्या डोक्यावर. ओव्हनच्या लहरी 2.4 गिगाहर्ट्झच्या आसपासच्या, आणि वायफायचा जुना पट्टाही तोच. ओव्हन फिरायला लागला की थोड्या गळणाऱ्या लहरींच्या कोलाहलात शेजारच्या राउटरचं कोणाला ऐकू येत नाही. एरवी गृहस्थ डबा घेऊन ऑफिसला जात, दुपारी घरात कोणी काही गरम करत नसे. त्या वर्षी हललं ते इतकंच. राउटर हॉलमध्ये न्या किंवा 5 गिगाहर्ट्झवर जा, असे दोन उपाय नानांनी सांगितले. त्या घराने जेवणाची वेळ दीडवर नेली.

चौथ्या मजल्यावरच्या सॉफ्टवेअर इंजिनियरला नानांचा सल्ला घेणं कमीपणाचं वाटायचं. त्याने 200 एमबीपीएसचा प्लॅन घेतला होता आणि मिळत होते 94. रोज फोनवर इंग्रजीत भांडायचा, जिन्यात ऐकू यायचं. एकदा जिन्यातच नानांनी त्याला थांबवलं. "94 म्हणता? 93 नाही, 97 नाही, रोज 94? मग ती कंपनी नाही, तार आहे." नेटच्या वायरीत आठ तारा असतात. शंभरपर्यंत त्यातल्या चारच पुरतात. त्यापुढे आठही शाबूत लागतात. उरलेल्या चारांतली एक तुटली तरी यंत्रं मुकाट्याने शंभरवर उतरतात आणि मधला खर्च जाऊन हातात चौऱ्याण्णव-पंचाण्णव पडतात. काय हललं? काहीच नाही, अंकल. फक्त गॅलरीला नवं सरकतं दार बसवलं होतं, आणि ते रोज रात्री त्या वायरीला चिमटा घेत होतं. नानांनी वायर कापली आणि नवा जॅक बसवताना रंगांचा पाढा म्हणायला सुरुवात केली: नारिंगी-पांढरी, नारिंगी, हिरवी-पांढरी, निळी, निळी-पांढरी, हिरवी, तपकिरी-पांढरी, तपकिरी. मध्ये कोणी बोललं तर ते पहिल्यापासून सुरू करतात. इंजिनियर मध्ये बोलला. दोनदा.

आमच्या घरची गोष्टही सांगायला हवी, नाहीतर मी लोकांचीच उणी काढतोय असं होईल. आमचा राउटर दर दहा मिनिटांनी आपोआप बंद होऊन चालू व्हायचा. मी नानांना शपथेवर सांगितलं की गणपतीपासून त्याला हात लावलेला नाही. नानांनी भिंग काढलं आणि राउटरच्या अडॅप्टरवरची मुंगीएवढी अक्षरं वाचली. मग सेटटॉप बॉक्सच्या अडॅप्टरवरची. दोन्ही काळे, दोन्ही 12 व्होल्टचे, पिनही सारखी. पण एक अर्ध्या अँपियरचा आणि दुसरा एकाचा. मखराच्या दिव्यांसाठी मी बोर्ड रिकामा केला होता आणि विसर्जनानंतर उलटंपालटं लावलं होतं. अर्ध्या पोटी राउटर दिवे लावून ऐटीत उभा राहायचा आणि चार मोबाइल जोडले की घेरी येऊन पडायचा. नाना काही बोलले नाहीत. फक्त 'गणपतीपासून' हा माझा शब्द त्यांनी वहीत अवतरणचिन्हांत लिहिला.

हो, वही आहे. खात्यातल्या रजिस्टरसारखे त्यात रकाने आहेत: तारीख, मजला, तक्रार, कारण, निकाल. निकालाच्या रकान्यात बहुतेक ठिकाणी 'टेस्टेड ओके'.

आपण नानांशी खोटं का बोलतो, यावर मी बराच विचार केला आहे. आपल्या घरांत वस्तू बिघडली की पहिला प्रश्न 'कोणी केलं?' हा असतो. लहानपणी कपबशी फुटल्यापासून आपण त्या प्रश्नाचं एकच उत्तर पाठ केलेलं आहे. नाना 'कोणी' हा शब्द कधीच वापरत नाहीत. ते 'काय' विचारतात. दुसऱ्या घोटाला नाही तर तिसऱ्या घोटाला समोरचा बोलायला लागतो, आणि नाना ज्याने हलवलं त्याच्याकडे न बघता वायरीकडे बघत ऐकतात.

खोटं बोलणाऱ्यांवर एवढा अभ्यास असलेला हा माणूस स्वतः मात्र एका ठिकाणी बेधडक खोटं बोलतो. ते म्हणजे कंपनीच्या कस्टमर केअरशी. पेटीवरचा एलओएस नावाचा दिवा लाल झाला म्हणजे बाहेरून उजेडच येत नाही, फायबर कुठेतरी तुटलंय किंवा करकचून वाकलंय. हे नानांना कळतं. पण पलीकडच्या मुलीच्या कागदावर पहिली ओळ वेगळी असते.

"सर, एकदा रीस्टार्ट करून दोन मिनिटं थांबाल का?"

"जरूर," म्हणून नाना घड्याळ समोर ठेवतात, बरोबर दोन मिनिटं चहा पितात आणि सांगतात, "केलं. तसंच आहे." मी एकदा विचारलं, की नाना, तुम्हीसुद्धा? तर म्हणाले, "तिलाही तिचा कागद पुरा करायचा असतो." त्या दिवशी गच्चीवर सत्यनारायणाचा मांडव घातला होता आणि एक बांबू नेमका फायबरवर टेकवला होता. सेक्रेटरी शेवटपर्यंत म्हणत होते, काहीच नाही हललं.

एक प्रकरण मात्र वहीत वेगळं आहे. कोणत्या मजल्यावरचं ते सांगत नाही. मुलाचं दहावीचं वर्ष. त्या घरचं नेट रोज रात्री साडेदहाला जायचं आणि सकाळी सहाला आपोआप यायचं. वडिलांनी नानांना तीनदा बोलावलं. तिन्ही वेळा सगळं ठीक. चौथ्या खेपेला मीही बरोबर होतो, डबा धरायला. नाना राउटरजवळ वाकले, मागचा प्लग बघितला, मग बोर्डकडे बघितलं. बोर्डाशेजारी देवघर होतं. समोर आजी जपमाळ ओढत बसल्या होत्या आणि त्यांची नजर जराही वर होत नव्हती.

"काय हललं?" नानांनी सवयीने विचारलं.

"काहीच नाही," आजी सोडून सगळे म्हणाले.

नाना थोडा वेळ तसेच उभे राहिले. मग प्लग नीट दाबला, डबा बंद केला आणि मुलाच्या वडिलांना गंभीरपणे म्हणाले, "कंपनीकडून आहे. रात्री लाइनवर काम चालतं. मार्चपर्यंत असंच राहील." मुलाने कपाळावर हात मारला. जपमाळेचा एक मणी पुढे सरकला. वहीत त्या तारखेपुढे कारणाच्या रकान्यात 'कंपनी' आणि निकालाच्या रकान्यात 'टेस्टेड ओके' आहे. मुलाला शहाऐंशी टक्के पडले. पेढे नानांकडे आजी स्वतः दोन जिने चढून घेऊन आल्या.

नाना पैसे घेत नाहीत. अर्धा कप चहा, साखर कमी. बिस्किटं देऊ नका, वायरीवर चुरा पडतो म्हणतात. पंखा, मिक्सर, गिझर यांना ते हात लावत नाहीत; ते त्यांचं खातं नाही. काकूंना विचारलंत तर त्या सांगतील की स्वतःच्या घरातलं काहीच त्यांचं खातं नाही. दारावरची बेल दोन वर्षांपूर्वी बंद पडली तेव्हा काकूंनी त्यांना विचारलं होतं, काय हललं? नाना पेपरमधून मान वर न करता म्हणाले होते, काहीच नाही.

तेव्हा कधी काम पडलं तर तिसऱ्या मजल्यावर, डाव्या हाताला. सकाळी दहाच्या आत किंवा चारनंतर जा, दुपारी ते झोपतात. बेल दाबत बसू नका. कडी वाजवा.